शिडी, स्टूल आणि पगाराची पाटी

तिला सगळे स्टूल म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उंची बेताची, बांधा भक्कम, आणि एकदा एका जागी उभी राहिली की हलायचं नाव नाही. तसं बघितलं तर नाव चपखलच होतं. शिवाय ते एकटं नव्हतं. लाँड्रीत ती जिच्याबरोबर चादरींच्या घड्या घालायची ती बाई इतकी उंच होती, की माळ्यावरचे गठ्ठे नुसता हात वर करून काढायची. तिचं नाव शिडी. एकीशिवाय दुसरी कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे कामावरची माणसं दोघींना मिळून एकच हाक मारायची, "अगं ए फर्निचर, चहा आलाय!"

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, उशांच्या अभ्र्यांचे ढीग. तळाला धुण्याची मशीन, त्यावर ड्रायर, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे खालची सगळी गरम हवा चढून बसायची, तिथे घडीचं लांबलचक टेबल. टॉवेलची घडी एकटं माणूस घालू शकतं, पण मोठ्या चादरीला जोडी लागते. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एक झटका द्यायचा, मध्ये दुमडायची, मग एकमेकींकडे चालत जायचं, एकीने दुसरीच्या हातातली टोकं घ्यायची आणि दुसरीने खाली लोंबणारा भाग उचलायचा. दोघी सारख्या उंचीच्या असल्या तर सोपं. इथे एक शिडी आणि एक स्टूल. पहिले काही महिने त्यांच्या चादरी अशा तिरक्या व्हायच्या, की इस्त्रीवाला विचारायचा, "बायांनो, ही घडी आहे की मतभेद?"

मग दोघींनी आपापली तोड काढली. झटका द्यायच्या क्षणी शिडी गुडघ्यात वाकायची आणि स्टूल टाचा उचलायची. कुणी शिकवलं नाही, कुणी ठरवलं नाही. होता होता ते इतकं अंगवळणी पडलं, की दारातून पाहणाऱ्याला वाटावं या दोघी नाचतायत. इस्त्रीवाल्याची बोलती बंद झाली, आणि ते काम सोपं नव्हतं.

घरी मात्र स्टूलची जोडी जमत नव्हती. नवरा चांगला होता. भांडण नव्हतं, पण भांडायलाही माणूस समोर लागतो. तो बस चालवायचा, पहिली पाळी. उजाडायच्या आत बाहेर पडायचा, दुपारी परत यायचा आणि दिवस मावळला की जेवून झोपायचा, कारण डुलक्या घेणारा ड्रायव्हर कुणालाच नको असतो. ती लाँड्रीतून सुटली की थेट एका ऑफिसच्या इमारतीत फरशा पुसायला जायची. घरी पोचेपर्यंत हा घोरत असायचा. सकाळी ती उठायची तेव्हा त्याची बाजू गार झालेली असायची. सुट्टीचा वारसुद्धा दोघांचा वेगळा. "माझं लग्न झालंय की नाही, हे मला अधूनमधून कागद काढून बघावं लागतं," असं ती शिडीला म्हणायची, आणि हसायची. ते हसणं सगळंच्या सगळं खरं नव्हतं.

कारण पैशाचं होतं, दुसरं काय असणार. लाँड्रीचे तेरा हजार, फरशांचे साडेचार. आधी मुलीची शाळा, मग कॉलेज, आणि आता ती दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. त्या साडेचार हजारांवाचून गाडी चालत नव्हती. म्हणजे सात वर्षं स्टूलने आपल्या संध्याकाळी साडेचार हजारांना विकल्या होत्या. तिला दागिने नको होते, मोठं घर नको होतं. दिवे लागतात तेव्हा आपण आपल्या घरात असावं, नवरा जागा असावा आणि दोघांनी एका वेळी जेवावं, एवढंच हवं होतं. असं एक काम हवं होतं, ज्याच्या पगारात संध्याकाळचं दुसरं काम सोडता येईल.

शोधलं नाही असं नाही. जाहिराती तर भरपूर असायच्या. पण त्या लिहिणाऱ्यांना आकडा लिहायची काय लाज वाटायची, देव जाणे. 'आकर्षक वेतन.' कुणाला आकर्षक? 'पगार योग्यतेनुसार.' कुणाच्या योग्यतेनुसार, घेणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या? स्टूल अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, ठेवणीतले कपडे घालायची, दोन बस बदलून जायची आणि कुणाच्या तरी कोऱ्या भिंतीकडे बघत बसून राहायची. मग आत बोलावणं. अनुभव किती, घर कुठे, तब्येत कशी, उभं राहवतं का. सगळं विचारून झालं की शेवटी, अगदी सहज विचारल्यासारखं, "आत्ता किती मिळतात?"

खोटं बोलणं तिला जमायचं नाही. "तेरा."

"मग आम्ही साडेतेरा देऊ."

पाचशे रुपड्यांत एक संध्याकाळ सुटत नाही. ती आल्या पावली परत यायची. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं आपण मागणाऱ्याला सांगतो. इथे ताक वाटायला बसलेलेच भांडं लपवून होते. आणि ते तेरा हजार तर तिच्या कपाळावर गोंदल्यासारखे झाले होते. जाईल तिथे तोच आकडा आधी पोचायचा आणि मग ही. एकदा तर साडेतेराही हुकले. तिच्या मागून आलेली एक बाई "मला बारा चालतील" म्हणाली आणि काम घेऊन गेली. त्या दिवशी स्टूलने मनाशी धडा घेतला, की कमी मागणाऱ्याला काम मिळतं. धडा तिने असा पाठ केला, की पुढे तो भलत्याच ठिकाणी तोंडातून बाहेर पडायचा होता.

लाँड्रीचे मालक तसे गोड माणूस. इतके गोड, की मुंग्या लागाव्यात. पगार ते बंद पाकिटात द्यायचे आणि एकेकाला केबिनमध्ये बोलावून द्यायचे. स्टूलच्या हातात पाकीट ठेवताना ते दरवाजाकडे नजर टाकायचे आणि आवाज खाली आणायचे. "ताई, तुमचं काम चांगलं, म्हणून तुम्हाला पाचशे जास्त घातलेत. शिडीताईंना कळू देऊ नका हं. वाईट वाटेल त्यांना. हे तुमच्या-माझ्यात."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. मालकांनी तीच म्हण पाकिटात घालून वाटली होती. स्टूलला आनंद व्हायचा आणि लगेच अपराधी वाटायचं. बिचारी शिडी, आपल्याबरोबर तेवढीच राबते आणि पाचशे कमी घेते! म्हणून चहाचे पैसे ती शिडीला देऊ द्यायची नाही. गंमत अशी, की शिडीही हिला देऊ द्यायची नाही. रोज चहावाल्यासमोर दोघींची झटापट. "मी देते." "अगं, ठेव तू, मी देते ना." चहावाला म्हणायचा, "दोघी द्या, माझी काही हरकत नाही."

अशात एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या नव्या लाँड्रीच्या फाटकावर पाटी लागली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. 'घडीसाठी दोन माणसं हवीत. पगार महिना अठरा हजार. शिकाऊ असल्यास सोळा. सुट्टी आठवड्याला एक. निवड येत्या सोमवारी. घासाघीस करू नये, दोन्ही बाजूंनी.'

स्टूल पाटीसमोर उभी राहिली आणि मागून येणारे दोघं तिच्यावर आदळले. तेरा आणि साडेचार, साडेसतरा. आणि इथे अठरा. एकाच कामाचे! तिने पाटी पुन्हा वाचली, कुठे बारीक अक्षरांत काही दगाफटका आहे का ते पाहिलं. काहीच नव्हतं. तिला एकदम दिव्याच्या उजेडात बसलेलं आपलं स्वयंपाकघर दिसलं, आणि ती अशी धास्तावली की घाईघाईने तिथून निघून गेली. इतकी चांगली गोष्ट उघड्यावर लिहून ठेवतात का कुणी?

त्या पाटीमागची गोष्ट तिला पुढे कळली. नव्या लाँड्रीची मालकीण काही संत नव्हती, वैतागलेली बाई होती. आधी तिनेही 'योग्य पगार' असंच लिहिलं होतं. माणसं यायची, बसायची, चहा प्यायची, तासभर बोलायची, शेवटी आकडा ऐकायची आणि "घरी विचारून सांगते" म्हणून जायची ती कायमची. एक धुलाईवाला तर चार दिवस काम करून, पगार नीट कळल्यावर, जेवणाच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही. मालकीण म्हणाली, "चहाचा खर्च पगाराएवढा झाला. आता आकडा भिंतीवर. ज्याला पटेल त्याने यावं, नाही त्याने वाचून पुढे जावं." पाटी लावली आणि दुपारच्या आत तिचा स्वतःचाच ड्रायरवाला ती पाटी काढून, काखेत मारून वर आला. "मॅडम, मला साडेसोळा देता. नव्यांना अठरा. म्हणजे जुना झालो ही माझी चूक का?" मालकिणीने कपाळाला हात लावला, तासभर हिशेब केला आणि त्याचे वाढवले. त्याच्याबरोबर आणखी सगळ्यांचे वाढवावे लागले. मग त्यानेच पाटी खाली नेऊन दोन खिळे जास्त मारून पक्की बसवली.

धास्ती वाटली, तरी निवडीच्या दिवशी स्टूलने आपल्या मालकांना फोनवर सांगितलं, घरी पाहुणे यायचेत. शिडीला काय सांगावं हे तिला रात्रभर सुचलं नव्हतं. सकाळी कळलं की शिडीच रजेवर आहे, दाढ दुखतेय. "बरं झालं," असं मनात आलं आणि लगेच जीभ चावली. मैत्रिणीची दाढ दुखतेय आणि बरं झालं म्हणतेस, निर्लज्ज कुठली.

नव्या लाँड्रीच्या अंगणात गर्दी मावत नव्हती. पूर्वी पाच-सहा जण यायचे, आता चाळीस होते. आकडा लिहिला की असं होतं. असतील शितं तर जमतील भुतं, आणि इथे शितं मोजून भिंतीवर लिहिलेली. पण स्टूलला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ही सगळी अनोळखी माणसं एकमेकांशी उघड उघड पगाराचं बोलत होती. "मला चौदा." "मला साडेतेरा, पण ओव्हरटाइम देत नाहीत." "अहो, तुम्हाला साडेतेरा? त्याच हॉटेलात मला बारा!" भिंतीवर एक आकडा चढल्याबरोबर इतक्या माणसांच्या तोंडाची कुलुपं निघाली होती.

बाकावर जागा नव्हती. एका टोकाला एक बाई चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र धरून बसली होती. वर्तमानपत्र नेहमीचंच होतं, पण बाईचे गुडघे बाकाच्या मानाने फारच वर आले होते. जगात असे गुडघे एकाच बाईचे.

"दाढ काय म्हणतेय?" स्टूलने विचारलं.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. "पाहुणे आले का गं?" शिडीने विचारलं.

मग शिडीला हसू फुटलं, आणि शिडी हसायला लागली की आवरायची नाही, बाक हलायला लागला. "मी तुला सांगणार होते," ती डोळे पुसत म्हणाली. "पण म्हटलं, तू इथे आलीस आणि मला एकटीलाच घेतलं तर? तुझं आधीच कमी आहे."

"माझं कमी आहे?"

शिडीने जीभ चावली. मग आजूबाजूला बोलणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि बहुतेक ठरवलं, आता काय लपवायचं. "अगं, मालक मला पाचशे जास्त देतात. मी जुनी म्हणून. तुला कळू देऊ नका म्हणाले. म्हणून तर तुला चहाचे पैसे देऊ देत नाही मी."

"मलाच पाचशे जास्त देतात," स्टूल सावकाश म्हणाली. "तुला कळू द्यायचं नाही म्हणून."

"किती तुला?"

"तेरा. तुला?"

शिडीचं हसू मावळलं. "साडेबारा."

शिडी स्टूलच्या आधी दोन वर्षं तिथे लागली होती. आधीच्या ठिकाणी कमी मिळायचे, म्हणून इथेही कमीवर घेतलं, आणि तिथून ती कधी वर आलीच नाही. वर तिला सांगायचं, तुम्हाला जास्त! स्टूलला संताप आला, असा की कानशिलं तापली. मालकांचा संताप, आणि थोडा स्वतःचाही. इतक्या वर्षांत एकदा विचारलं असतं तर? पण शिडीकडे बघितलं तर ती पुन्हा हसत होती, या वेळी डोळ्यांत पाणी आणून. "म्हणजे चहाचे पैसे तूच द्यायला हवे होतेस गं," ती म्हणाली. "माझा केवढा चहा फुकट गेला!"

तेवढ्यात मालकीण बाहेर आली. चष्मा केसांत खोचलेला, आवाज मोठा. मुलाखत-बिलाखत नाही, म्हणाली. चादरी वाळलेल्या आहेत, टेबलं मांडलेली आहेत, दोघा-दोघांनी घड्या घालून दाखवा. जोड्या तिनेच लावल्या, उभे होते त्या क्रमाने. स्टूलच्या वाट्याला हॉटेलात काम केलेला एक मध्यम उंचीचा माणूस आला, आणि शिडीला एक बारीकशी मुलगी.

आणि मग जे व्हायचं ते झालं. स्टूलने टोकं धरली, ताणली, झटका दिला आणि सवयीने टाचा उचलल्या. समोरच्याने गुडघे वाकवले नाहीत, तो कशाला वाकवेल? चादर हिच्या बाजूने वर, त्याच्या बाजूने खाली. दुमडली तर एक टोक वीतभर बाहेर. पुन्हा केली. पुन्हा टाचा आपोआप वर. "ताई, उड्या का मारताय?" त्या माणसाने विचारलं. पलीकडे शिडी दर झटक्याला गुडघ्यात बसत होती आणि तिची चादर फरशी पुसत होती. लोक खुदखुदायला लागले. मालकिणीने चष्मा खाली ओढून दोघींकडे पाहिलं, आणि दोघींकडे पाहून मान हलवली. ती मान कोणत्या दिशेला हलली हे सांगायची गरज नाही.

इतक्या जवळ आलेली संध्याकाळ हातातून निसटताना स्टूलला दिसली. एकटीने टाचा जमिनीला चिकटवून, दात-ओठ खाऊन आणखी एक घडी घातली असती तर कदाचित जमलंही असतं. पण तिने टोकं सोडली.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला, "मला एकटीला घडी घालता येत नाही. माझा अर्धा भाग त्या टेबलापाशी उभा आहे."

सगळे तिकडे बघायला लागले. तिकडे शिडी.

"तुम्ही दोघी एकत्र काम करता?" मालकिणीने विचारलं.

"कालपर्यंत करत होतो. आज दोघी एकमेकींना फसवून आलोय."

अंगणात हशा पिकला. मालकीणही हसली आणि म्हणाली, "या मग. दाखवा तुमची फसवणूक."

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा लोक आणखी हसले, कारण ती जोडी दिसायलाच तशी होती. पहिली चादर. ताण, झटका, एक वाकली, एक उचलली गेली, दोन पावलं, टोकं या हातातून त्या हातात, पुन्हा दुमड, खाली. दुसरी. तिसरी. शिडीने एकदा बारीक डोळा मारला आणि वेग वाढवला. हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही, पण ढीग वाढत गेला तसे लोक जवळ सरकत आले, आणि तो हॉटेलवाला माणूस म्हणाला, "आता कळलं, उड्या का मारत होत्या." ड्रायरवाल्याने एक घडी उचलून कडा पाहिल्या आणि मालकिणीला दाखवल्या. चारही टोकं एकावर एक.

एकेकीला आत बोलावलं. स्टूल खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मालकीण म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून या. काही विचारायचंय?"

आणि इथे तो पाठ केलेला धडा तिच्या तोंडातून बाहेर पडला. "मॅडम, पगाराचं म्हणजे... सोळा दिलेत तरी चालतील मला."

दाराबाहेर उभ्या असलेल्या शिडीने कपाळावर हात मारल्याचा आवाज आतपर्यंत आला.

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली हो. तीनदा वाचली. सवय लागलीय, दुसरं काय. कमी मागितलं की काम मिळतं."

"काम मिळालंय तुम्हाला," मालकीण म्हणाली. "तुम्ही सोळा घेतलेत, तर मला पाटी बदलावी लागेल. आणि पाटी बदलली, की तो ड्रायरवाला ती काखेत घालून परत वर येईल. माझ्यावर दया करा आणि अठरा घ्या."

नाइलाजाने स्टूलने अठरा हजार कबूल केले. नोकरी लागताना माणसाने घासाघीस करून हरावं आणि वर आनंदाने घरी जावं, असा प्रसंग तिच्या घराण्यात पहिलाच. त्या दिवशी चहावाल्याकडे झटापट झाली नाही. पैसे स्टूलने दिले, वर बिस्किटंही घेतली, आणि शिडी म्हणाली, "अजून पुष्कळ फिटायचेत."

जुन्या मालकांना सांगितलं तेव्हा ते खरंच हळहळले. "अहो ताई, आधी बोलायचं ना! दोघींनाही पाचशे जास्त दिले असते."

"कुणापेक्षा?" शिडीने विचारलं.

मालकांनी जाहिरात दिली, 'आकर्षक वेतन'. माणसं आली, पण बसायच्या आधीच विचारायला लागली, "पलीकडे अठरा लिहिलेत, तुमचे किती?" पंधरा दिवस वरच्या मजल्यावर चादरींचा डोंगर साचला. शेवटी फाटकाच्या आतल्या बाजूला, जरा कोपऱ्यात, मालकांनी खडूने सतरा लिहिले. कोपऱ्यात लिहून काय उपयोग? इस्त्रीवाल्याने ते वाचलं आणि सगळ्या मजल्यांवर वाचून दाखवलं. पाकिटं तिथे अजून बंदच देतात म्हणे, पण आतला आकडा आता सगळ्यांना ठाऊक असतो.

संध्याकाळच्या कामाचा महिना भरायचा होता. नवऱ्याला तिने तसंच सांगितलं होतं, अजून काही दिवस उशीर होईल म्हणून. पण कंत्राटदाराला दुसरी बाई लवकर मिळाली आणि एका दुपारी त्याचा फोन आला, "ताई, आजपासून नाही आलात तरी चालेल." स्टूल नव्या लाँड्रीतून बाहेर पडली आणि बस स्टॉपवर उभी राहिली, आणि पाय सवयीने ऑफिसच्या बसकडे वळायला लागले. तिने ते ओढून घराकडे वळवले. रस्त्यात उजेड होता. दुकानांचे दिवे नुकते लागत होते. शेजारीण दारात उभी होती, ती दचकून म्हणाली, "बरं नाही का वाटत?"

"छान वाटतंय," स्टूल म्हणाली.

आपल्या दाराशी आली आणि आतून नवऱ्याचा आवाज आला. तो कुणाशी तरी बोलत होता. गप्पा मारत होता, मधेच हसतही होता. फोन म्हणावा तर फोन दाराजवळ चार्जिंगला लावलेला, खिडकीतून दिसत होता. सात वर्षं रोज संध्याकाळी नवऱ्यापासून दूर राहिलेल्या बाईच्या मनात जे यायचं ते आलं. तिने आवाज न करता किल्ली फिरवली आणि चपला हातात घेऊन आत गेली.

स्वयंपाकघरात तो तिच्याकडे पाठ करून भाजी ढवळत होता. टेबलाला दोन खुर्च्या होत्या. त्यातली तिची खुर्ची जरा मागे ओढलेली होती, कुणी बसणार असलं की ओढतात तशी. दुसरं कुणी नव्हतं.

"तर ती म्हातारी काय म्हणते," तो खुर्चीला सांगत होता, "पोपटाचंही तिकीट काढलंय मी, त्याला बसायला जागा द्या. आणि पोपट पिंजऱ्यातून ओरडतोय, जागा द्या, जागा द्या. अख्खी बस हसतेय. तू असतीस ना, तर पडली असतीस हसून."

स्टूल चपला खाली ठेवून पुढे गेली आणि आपल्या खुर्चीत बसली. खुर्ची करकरली. तो वळला. हातातल्या डावातून भाजीचा थेंब फरशीवर पडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला फरशी पुसावीशी वाटली नाही.

"आज लवकर?" त्याने कसंबसं विचारलं.

"आजपासून रोज." मग तिने खुर्चीच्या हातावर हात फिरवला. "हिला रोज सांगता?"

तो इतका लाजला, की कान लाल झाले. "मग कधी सांगणार? तू येतेस तेव्हा मी झोपलेला असतो. एखादी गोष्ट पोटात राहिली की झोप लागत नाही मला."

तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि दोन्हीपैकी काहीच तिने आवरलं नाही. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "बरं, मग पोपटाला जागा मिळाली का?"

त्याने गॅस बारीक केला, हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसला.

"थांब," तो म्हणाला, "पहिल्यापासून सांगतो."